फरदडीतलं चौथं गाणं

अल्बमच्या कव्हरसाठी संघदीपचा फोटो हवा होता, म्हणून मी पुसदहून दुपारच्या एसटीने फुलसावंगीला गेले. एवढंच काम. फोनवर मागितला असता तर त्याच्या घरच्यांनी दिला नसता. दारात येऊन उभ्या राहिलेल्या पोरीला हाकलायला मात्र लोकांना जरा जड जातं.

संघदीप आमच्या बँडचा गायक. मी बास वाजवते. इंजिनिअरिंग सोडून बास वाजवते, असं माझ्या घरी शिवीसारखं म्हणतात. संघदीप मागच्या वर्षी गेला. त्याच्या आवाजातली अर्धवट गाणी, जुन्या गाण्यांची वेगळी रूपं, अशी चार रेकॉर्डिंगं आम्ही काढणार होतो. नाव ठेवलं ‘फरदड’. मुख्य वेचणी झाली की लोक उभ्या पऱ्हाटीला पुन्हा पाणी देऊन उरलासुरला कापूस घेतात, ती फरदड. कृषी खात्याची माणसं ओरडून सांगतात, घेऊ नका, तिच्यात बोंडअळी जगते. आम्ही म्हटलं, जगू दे.

पण हातात तीनच गाणी होती. चौथं पुसलं गेलं.

‘डीपी’ हे आमचं सगळ्यात दणदणीत गाणं, गावातल्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरवरचं. ‘डीपी जळली, गाव निजलं, मी जागा.’ संघदीप ते मानेच्या शिरा ताणून ओरडायचा. शेवटच्या दिवसांत एकदा तो सरावाच्या खोलीत आला तो तापाने फणफणलेला. म्हणाला, "लाव, हळू म्हणून पाहतो." गिटार मांडीवर घेऊन तो ते गाणं जवळजवळ कुजबुजला. शब्दही उलटे झाले. ‘डीपी जळली, मी निजलो, गाव जागं.’ मध्येच खोकला आणि माइकमध्येच म्हणाला, "बाबा म्हणते, कार्यक्रम होऊ दे, मंग दवाखाना पाहू." हसला. पुन्हा गायला.

त्याचे वडील बळीराम काका, भीमगीतांची गायन पार्टी चालवायचे. जयंतीचे दिवस होते, सुपाऱ्या घेतलेल्या होत्या, पोरगा पेटीवर हवा होता. नेला तसाच. परतताना जीपमध्ये त्याची शुद्ध गेली, ती आलीच नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी काका माइकवर म्हणाले, "माह्या लेकराले त्या धांगडधिंग्यानं खाल्लं." समोर बसलेले सगळे मोठे लोक माना डोलवत होते. माझा बापही.

त्या रेकॉर्डिंगमध्ये काय आहे, हे कुठून तरी काकांच्या कानावर गेलं. चार वडीलधारे घेऊन ते आमच्या घरी आले. मी म्हटलं, आधी ऐकून तर घ्या. "आयकाची गरज नाही," काका म्हणाले. माझ्या बापाने स्वतः माझा लॅपटॉप उचलून त्यांच्यापुढे ठेवला. काकांनी गाणं पुसलं. त्याची कॉपी होती ती हार्ड डिस्कही अंगणात नेऊन दगडाने ठेचली. मग सगळ्यांनी चहा घेतला.

तर, फुलसावंगी. उन्हाने रस्ता रिकामा पडलेला, लाइट गेलेली. दार नुसतं लोटलेलं होतं. आत अंधार, आणि तापलेल्या अंगाचा तो आंबूस वास, आजाऱ्याच्या खोलीत येतो तसा. आणि आतून, अगदी हळू...

‘डीपी जळली, मी निजलो...’

माझं काळीज उडालं ते आनंदाने. कॉपी आहे! त्याने घरी एक कॉपी ठेवली होती! शीलाकाकू, त्याची आई, भिंतीला टेकून बसली होती.

"काकू, कुठं सापडलं हे? मोबाइलमध्ये होतं का?"

तिने पदर तोंडाला लावला. "मोबाइल नाही वं पोरी... तुहे काका हायेत ते."

खाटेवर बळीराम काका बसले होते. डोळे मिटलेले. चाळीस वर्षं मैदानं गाजवलेला तो भरदार गळा, आणि त्यातून ती कुजबुज निघत होती.

"कवापासून?"

"कार्यक्रमात उभे राह्यले, तोंड उघडलं, तं हेच निघालं. लोकं उठून गेले. पार्टी मोडली..." काकू हळूच म्हणाली. "झोपीत बी हेच."

गाणं थांबलं. काकांनी डोळे उघडले. "उर्वशी... ते गाणं बाहेर टाक. मंग सोडन तो मले."

"तुम्हीच पुसलं ना."

"पुसलेलं जाते कुठं... हे मले काय मालूम होतं?"

दया यायला हवी होती म्हणे. मला आली नाही. मी मोबाइल खाटेवर ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि म्हटलं, "गा."

ते गायले. त्याच जागी खोकले. आणि मग त्यांच्याच तोंडून, त्यांच्याच समोर, "बाबा म्हणते, कार्यक्रम होऊ दे, मंग दवाखाना पाहू." त्यानंतर ते हसले. ते हसू संघदीपचं होतं. काकूने कान झाकून घेतले.

फोटो मागायचा राहूनच गेला. परतीच्या एसटीत मी इअरफोन लावले. गाणं होतं. आवाज संघदीपचा, सोबत गिटार. त्या खोलीत गिटार नव्हती. आणि फार मागे, भिंतीपलीकडून यावा तसा एक म्हातारा आवाज... "मले दवाखान्यात ने रे बापू... ने रे..." मी समोर बसून काकांचे ओठ पाहिले होते. ते गाण्याबाहेर एकदाही हलले नव्हते.

पुसदला ते ऐकून आमचा ड्रमर बंटी म्हणाला, "मागचं ते कापू काय?"

"ठेव," मी म्हटलं.

‘फरदड’ चारही गाण्यांसकट बाहेर आली. काल काकूचा फोन आला. काका आता गात नाहीत, बोलतही नाहीत. फक्त मधूनच उठतात, चप्पल घालतात आणि दारात जाऊन रस्त्याकडे पाहत उभे राहतात, न्यायला गाडी येणार असल्यासारखे. गाण्याएवढा वेळ. मग आत येऊन बसतात. त्या घरात आता फक्त काकूचा बटणांचा फोन आहे; गाणं वाजवायला काहीच नाही.

मी विचारलं, "दिवसातून कितीदा?"

"आधी एखाद्यावेळी जाये," काकू म्हणाली. "आता गाणं लय चालून राह्यलं ना वं तुमचं... आता ते दारातून आत येतच नाहीत."