वायर कापलेला ओव्हन

ट्रेमध्ये अकरा वस्तू होत्या.

मी त्या वर्तमानपत्रावर ओळीने मांडल्या होत्या आणि वहीत लिहिल्या होत्या. चार बोल्ट, चार नट, एक लांब आडवा दांडा, आणि पुढची चाकं वळवणारे दोन आखूड दांडे, एक डावा, एक उजवा. सगळ्यांवर ताजं क्रोम. तारीख चौदा जून, शनिवार. वेळ दुपारी दोन वाजून दहा मिनिटं.

हे आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून लोक म्हणतात, तुझं मोजणं चुकलं असेल.

मी धातुशास्त्र शिकले आहे. माझ्या हातून चुका झाल्या आहेत. एक तर फार मोठी. पण ती मोजण्यातली नव्हती.

जागा ऑइलडेल, कॅलिफोर्निया. मिस्टर पेटिट यांच्या घराला मागून जोडलेलं गॅरेज. बाहेर त्रेचाळीस अंश ऊन, आणि मध्ये लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली वेसची गाडी. एकोणीसशे बत्तीस सालची फोर्ड. छप्पर नाही, बॉनेट नाही, इंजिन सगळं उघडं.

वेस हा मिस्टर पेटिट यांचा एकुलता मुलगा. माझा शाळेपासूनचा मित्र.

मागच्या सप्टेंबरात, कोरड्या तळ्यावरच्या शर्यतीत ही गाडी ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगात उलटली. वेस जागीच गेला. पुढच्या डाव्या चाकाचा दांडा तुटलेला होता. अहवालात लिहिलं होतं, उलटताना तुटला.

मला खात्री नव्हती.

पोलादावर क्रोम चढवताना त्यात हायड्रोजन शिरतो. वरून काही दिसत नाही. आतून मात्र पोलाद ठिसूळ होतं आणि ताणाखाली असताना अचानक तुटतं. उपाय साधा आहे. क्रोम झाल्यापासून चार तासांच्या आत ते ओव्हनमध्ये ठेवायचं. एकशे नव्वद अंशांवर, बावीस तास. उशीर झाला तर नंतर कितीही भाजा, आत पडलेली चीर भरून येत नाही.

आमच्याकडचे जुने गाडीवाले हे करत नाहीत. वेस करायचा, कारण मी त्याच्या मागे लागले होते. त्याने भंगारातून स्वयंपाकघरातला एक जुना ओव्हन आणून गॅरेजमध्ये ठेवला होता. पण मागच्या वर्षी त्याने या गाडीचे दांडे क्रोम केले, तेव्हा ओव्हनची कॉइल जळलेली होती. म्हणून तो म्हणाला, "तुझ्या प्रयोगशाळेत भाजून आण ना."

त्या संध्याकाळी मला पदवी मिळाल्याची पार्टी होती.

दांडे रात्रभर माझ्या गाडीच्या सीटवर पडून राहिले. सतरा तास. मग मी ते भाजले.

"वेळेत ठेवलेस ना, प्रोफेसर?" वेसने विचारलं.

मी हो म्हणाले.

हे कोणालाच माहीत नव्हतं. त्याच्या वडिलांना तर नाहीच. आणि आता तेच वडील, एकाहत्तर वर्षांचे, येत्या सप्टेंबरात ही गाडी दुरुस्त करून त्याच तळ्यावर स्वतः चालवणार होते. मला न विचारता त्यांनी नवे दांडे दोन तासांपूर्वीच क्रोम करून आणले होते. भाजलेले नव्हते.

"काळे, बिनक्रोमचे दांडे चालले असते, मिस्टर पेटिट," मी म्हणाले.

"वेसच्या गाडीला काळे? मग मागे बाळाची खुर्ची पण बसवू या की!"

"क्रोमने धोका असतो. मी आत्ताच्या आत्ता हे प्रयोगशाळेत नेते. उद्या परत आणते."

"काही न्यायचं नाही. आज गाडीवर चढणार. चाळीस वर्षं तेलाच्या विहिरींवर काढलीत मी, पोरी. क्रोम मला शिकवू नकोस. चल, सँडविच खाऊन घे. पोट रिकामं असलं की तुला धोके दिसतात."

खरं कारण सांगायची हीच वेळ होती.

मी सँडविच खायला गेले.

गॅरेजचं शटर मी स्वतः खाली ओढलं. घरातून गॅरेजमध्ये उघडणारं दार एकच, आणि ते आमच्या टेबलासमोर. आम्ही दोघं तिथेच बसलो होतो. मिस्टर पेटिट बर्फ घातलेला चहा पीत चेष्टा करत होते, की वेसला गाडी शिकवताना त्यांची तीन कुंपणं मोडली आणि एक पाद्री थोडक्यात वाचला.

मध्येच ते थांबले.

"तू रेडिओ बंद केलास?"

गॅरेजमधला रेडिओ. तो सकाळपासून चालू होता.

आता आवाज नव्हता...

पंख्याचाही नव्हता.

मग आतून दुसरा आवाज आला. छोट्या चाकांचा. काँक्रीटवरून काहीतरी हळूहळू सरकत होतं...

मिस्टर पेटिटनी कप खाली ठेवला. तो आवाज आम्ही दोघंही ओळखत होतो. वेसचं चाकांचं स्टूल. बसल्याबसल्या पायाने ढकलत तो गॅरेजभर त्यावरून फिरायचा.

आवाज थांबला.

आम्ही दार उघडलं. दोन वाजून एकेचाळीस मिनिटं.

गॅरेजमध्ये कोणी नव्हतं. शटर तसंच बंद. रेडिओचं बटण चालू, पण आवाज नाही. पंखा स्थिर.

ट्रेमध्ये दहा वस्तू.

मी पुन्हा मोजल्या. दहा. डावा दांडा नव्हता. कागदावर त्याच्या आकाराचा तेलाचा डाग तेवढा होता.

"मस्करी करतेस?" मिस्टर पेटिटनी विचारलं. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"मी तुमच्या समोरच होते ना."

मग वास आला. बरेच दिवस न वापरलेला ओव्हन लावला की आतली धूळ जळते, तसा.

स्टूल ओव्हनसमोर होतं. सकाळी ते दुसऱ्या टोकाला, टायरांपाशी होतं. ओव्हनची आतून काळवंडलेली काच, आणि समोर स्टूल. वेस असाच बसायचा. आत काही भाजायला ठेवलं की तो जेवायलाही उठायचा नाही.

टक्... टक्... टक्...

पत्रा तापताना होतो तो आवाज.

ओव्हनची कॉइल जळलेली होती. वायरही नव्हती. वेसला पुरून आल्यावर मिस्टर पेटिटनी ती पकडीने मुळापासून कापून टाकली होती. मी मागे वाकून बघितलं. रबराचं दोन बोटांचं थोटूक. भिंतीतलं सॉकेट हातभर दूर, मोकळं.

मी ओव्हनचं दार उघडलं. गरम झोत तोंडावर आला.

मधल्या जाळीवर डावा दांडा होता.

तापमान दुरूनच दाखवणारं यंत्र माझ्या पेटीत असतं. ते रोखलं.

एकशे नव्वद.

मी दार लावलं. आकडा वहीत लिहिला.

"किती?" मिस्टर पेटिटनी विचारलं.

मी सांगितलं.

"हा आकडा कसला? बोल ना. तुझा चेहरा पांढरा पडलाय."

मी सांगितलं. सीट, पार्टी, सतरा तास, आणि वेसला दिलेलं ते उत्तर. सांगताना मी त्यांच्याकडे बघितलं नाही. काचेकडे बघत होते. काचेत मी दिसत होते, मागे मिस्टर पेटिट, आणि स्टूल. स्टुलाची गादी कोणी बसल्यावर दबावी तशी दबलेली होती...

मी मागे वळून स्टूल बघितलं. गादी दबलेलीच होती.



"नऊ महिने," मिस्टर पेटिट म्हणाले. "नऊ महिने माझ्या टेबलावर जेवतेस."

"हो."

"पुरताना माझा हात धरला होतास."

"मिस्टर पेटिट, मला..."

"रडू नकोस. रडून मला काय कळणार? तू शिकलेली आहेस ना? मग माप घे."

विहिरींवर ते हेच करायचे. पाइप खाली सोडण्याआधी ताण देऊन बघायचा, मगच भरवसा ठेवायचा. त्यांनी उजवा दांडा उचलून माझ्या हातात कोंबला.

"माझ्या पोराच्या वेळी केलंस तसंच कर. तीच सीट, तेवढेच तास, तोच तुझा ओव्हन. हा आतला डावा दांडा जो कोणी भाजतोय, त्याला भाजू दे. मग दोन्ही ताणाला लाव."

"आणि माझीच चूक निघाली तर?"

"ते निघाल्यावर बघू."

ओव्हन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तापलेलाच राहिला. मी दर अर्ध्या तासाला आकडा घेत होते; सकाळी उजवा दांडा भाजायला प्रयोगशाळेत गेले तेवढा वेळ मिस्टर पेटिट घेत होते. एकशे एकोणनव्वदच्या खाली नाही, एकशे एक्क्याण्णवच्या वर नाही. बारा वाजून चाळीस मिनिटांनी टकटक थांबली.

रेडिओ आपोआप सुरू झाला.

मिस्टर पेटिट रात्रभर गॅरेजमध्येच होते, उलट्या बादलीवर. स्टुलावर बसले नाहीत. मीही नाही.

उजवा दांडा मी सतरा तास सीटवर ठेवला, मग प्रयोगशाळेत बावीस तास भाजला. नंतर गॅरेजमध्येच लोखंडी चौकट बांधली. दोन दांडे, दोन जॅक, दोन्हींवर सारखाच ताण. प्रत्येक दांड्याला बारीक तार बांधून ती एकेका घड्याळाच्या सेलला जोडली. दांडा तुटला की तार तुटणार, घड्याळ थांबणार. दोन्ही घड्याळं मी बाराला लावली. तासांचा हिशेब वहीत. अशा चाचणीची मुदत दोनशे तास असते.

त्या दिवसांत आम्ही एकमेकांशी दांड्यांशिवाय कशावरच बोललो नाही. ते माझ्यासाठी जेवण ठेवत, पण पाठ करून बसत.

ताण लावल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं स्वयंपाकघरात होतो. मिस्टर पेटिट डबाबंद बीन्स गरम करत होते. गॅरेजमध्ये एक स्वच्छ, बारीक टण् असा आवाज झाला...

मग छोटी चाकं. हळूहळू. दाराच्या अगदी जवळ येईपर्यंत...

त्यांनी गॅस बंद केला. मी उठले नाही. दाराच्या पलीकडे ते काय आहे, ते बापाला वाचवायला आलं होतं की माझ्यासाठी, हे मला आजही ठरवता येत नाही. त्यानंतर मी त्या गॅरेजमध्ये एकटी कधी गेले नाही.

थोड्या वेळाने दार मिस्टर पेटिटनीच उघडलं. स्टूल उंबऱ्याला टेकलेलं होतं. त्याला वळसा घालून ते आत गेले आणि घड्याळ बघून आले. आकडा मला सांगितला नाही. माझी वही ओढून घेऊन स्वतःच लिहिला. दुसरी नोंद मुदत संपल्यावर, तीही त्यांच्याच अक्षरात.

उजवा दांडा: एकतीस तास वीस मिनिटांनी तुटला.

डावा दांडा: दोनशे तास, अखंड.