चौथं पान

टायपिस्ट बाई वहिनींकडे आल्या त्या धुसफुसतच. "पाच वाजता मला कामावरून काढणार! म्हणे मी भाषणाचं पान बदललं."

वहिनी म्हणजे नावाजलेल्या गुप्तहेर. त्यांनी खुर्ची सरकवली. सोबतीला असणारे त्यांचे दीर पाणी आणायला गेले, नि रिकाम्या हाताने परत आले.

भानगड अशी. बाईंचे आमदारसाहेब दहा वर्षं दोनच गोष्टी बोलायचे. शेजारच्या देशाची सीमा बंद करा, आणि दवाखान्यात पोरांना औषध फुकट द्या. आता ते औषध बनतंच सीमेपलीकडे, त्याचं काय? ते कोणी विचारायचं नाही. काल सभागृहात साहेब अचानक म्हणाले, "सीमा उघडा." पक्ष खवळला. साहेबांनी हात झटकले. "समोर होतं ते वाचलं. चौथं पान कोणीतरी बदललं."

ऑफिसात, साहेबांच्या खोलीत, वहिनींनी भाषण टेबलावर पसरलं. पानं छपरासारखी मधे वर येत होती. चौथं तेवढं गप्प पडलेलं. भावजींनी सगळ्यांवर पेपरवेट ठेवले.

"ही बाई झोपेत टाइप करते," साहेबांचा सेक्रेटरी म्हणाला.

"आणि तू झोपेत तपासतोस का रे?" बाई कडाडल्या.

"भाषणाचे कागद साहेबांना दिले कधी?" वहिनींनी सेक्रेटरीला विचारलं.

"काल, सभागृहाच्या दारात. साहेबांनी पानं मोजून उभी घडी घातली, कोटाच्या खिशात टाकली. बोलून झाल्यावर परत खिशात. नेहमीचंच. आज साहेब माझ्याआधी आले. पानं टेबलावर होती."

साहेबांची बहीण पोरांच्या वॉर्डात नर्स. वहिनींनी तिला गाठलं, तेव्हा ती म्हणाली, "काल सकाळी दादा आला होता. एका खाटेवर दोन पोरं, औषध एकापुरतं. म्हटलं, दादा, कोणाला देऊ? तसाच निघून गेला."

"पान तुम्ही बदललंत?" वहिनींनी विचारलं.

"जमलं असतं तर दहा वर्षांपूर्वीच बदललं असतं."

पावणेपाचला सगळे साहेबांच्या खोलीत जमले.

"भावजी, पेपरवेट उचला."

पानं पुन्हा मधे वर आली. चौथं हललं नाही.

"अहो वहिनी, याला घडीच नाही!" भावजी म्हणाले.

"म्हणजे हे कधी खिशात गेलंच नाही. भाषणानंतर टाइप होऊन आलं. काल साहेबांसमोर जुनंच पान होतं, 'सीमा बंद'वालं. साहेब, तुम्ही वाचलं नाहीत. तुम्ही बोललात. पानं रात्रभर तुमच्याच खिशात, आणि सकाळी इथे पहिले तुम्हीच. नवं पान टाइप करून घातलंत ते तुम्हीच."

साहेब खिडकीकडे बघत राहिले. "माझं तिकीट जाईल हो."

"दादा," बहीण हळूच म्हणाली, "औषध मी धाकटीला दिलं. मोठा आज दुपारी गेला."

साहेबांनी कोटाच्या खिशातून उभ्या घडीचा कागद काढला. जुनं चौथं पान. टेबलावर ठेवलं.

"बाई, मशीनला कागद लावा. लिहा, सीमा उघडा असं मीच म्हणालो, मनापासून म्हणालो."

बाईंनी टाइप केलं. साहेबांनी सही केली आणि सवयीने कागद दुमडायला घेतला.

मग थांबले. तसाच सपाट सेक्रेटरीच्या हातात दिला.