गगनबावड्याहून आलेली ओ

जुनं सॉफ्टवेअर काढून नवं बसवणारा माणूस आणि लग्नातला वाढपी यांची जात एकच. सगळं नीट पार पडलं तर त्याचं नाव कुणाला आठवत नाही, आणि आमटी खारट झाली की पहिला तोच सापडतो. मी हा धंदा कोल्हापुरात बरीच वर्षं केला. माझं नाव सम्राट. साम्राज्य म्हणाल तर दोन पेचकस, एक पक्कड आणि उतारावर ढकलल्याशिवाय सुरू न होणारी मोटारसायकल.

सांगतोय ती गोष्ट दोन हजार आठच्या पौषातली. शहरातल्याच लक्ष्मीपुरी पेठेत रामलिंगअण्णांचं सरकी पेंडीचं आणि पशुखाद्याचं दुकान होतं. गोदाम जयसिंगपूरला, आणि पूर्वी घाटमाथ्यावर गगनबावड्याला एक काउंटर. या तिन्ही ठिकाणचे कॉम्प्युटर जोडायला अण्णांनी कधीकाळी एक सॉफ्टवेअर घेतलं होतं. त्याची करामत अशी, की ते एक नसलेली खोली उभी करायचं आणि तिघांना तिच्यात बसवायचं. मधे उसाची शेतं, नदी, डोंगर, पण त्या तीन कॉम्प्युटरना वाटायचं आपण मांडीला मांडी लावून बसलोय. आता ते बनवणारी कंपनीच बुडाली होती. सॉफ्टवेअर म्हातारं झालं होतं, दिवसाआड आचके द्यायचं. ते गेलं असतं तर कुठली पोती कुठं पाठवायची हेच गोदामाला कळलं नसतं. म्हणून मला बोलावणं आलं, की सगळ्यांना नव्या खोलीत हलव आणि जुनीला कुलूप घाल.

खोली रिकामी करायची तर आधी आत कोण कोण आहे ते बघावं लागतं. आम्ही प्रत्येक कॉम्प्युटरला हाक मारतो. तिला पिंग म्हणतात, पण ती हाकच. पलीकडून ओ आली की समजायचं, तो जागा आहे. मी बसलो होतो त्या लक्ष्मीपुरीनं ओ दिली. जयसिंगपूरनं दिली. यादीत गगनबावड्याचं नाव तसंच राहिलं होतं, म्हणून हाताच्या सवयीनं तिथंही हाक मारली. काही नाही. दुसरी मारली, काही नाही. नाव खोडायला हात उचलला आणि तिसरी गेली.

तिसरीला ओ आली.

"अण्णा, गगनबावड्याचं काउंटर परत चालू केलंय व्हय?" मी विचारलं.

रामलिंगअण्णा तसा बोलका आणि मोठ्या आवाजाचा माणूस. पण तो पोती मोजायचं सोडून पुटपुटला, "चार वर्सं झाली बंद करून. फोनची लाईन परत केली. मशीन वर माळ्यावर पडलंय की."

मी माळ्यावर गेलो. रिकाम्या पोत्यांखाली तो डबा होता. झाकण उघडलं, तर आतली डिस्क कुणीतरी कधीच काढून नेलेली, आणि तिच्या जागी उंदरानं सुतळीचं घर केलेलं. मी खाली येऊन पुन्हा हाक मारली. दोनदा गप्प, तिसरीला ओ. जयसिंगपूरची जोडणी काढली. मग बाहेरून येणारी एकूण एक तार उपसली. आता त्या नसलेल्या खोलीत आमच्या दुकानाशिवाय कुणी असणं शक्यच नव्हतं. हाक मारली. दोनदा गप्प… तिसरीला ओ.

तोवर मी स्वतःशी हसत होतो, कारण यंत्रं असली नाटकं करतात. पण आता एक वास यायला लागला होता. पेंडीच्या दुकानात तेलकट, गोडसर वास भरलेला असतो, त्याची नाकाला सवय होते. त्याच्या आडून ओलसर, गार काहीतरी येत होतं. शेवाळलेल्या दगडाचं, धुक्याचं. बाहेर कोरडी थंडी होती आणि रस्त्यावर धूळ उडत होती.

"तिथं कोण बसायचं, अण्णा?"

"रुद्रेश," तो हळू आवाजात म्हणाला. "माझा धाकटा भाऊ."

मग त्यानं जे सांगितलं ते थोडक्यात असं. चार वर्षांपूर्वीच्या आषाढात, दिवेलागणीला रुद्रेश काउंटर आवरून निघाला. धुकं इतकं, की हातातली किल्ली दिसेना. समोर गुंडूचा चहाचा गाडा होता. गुंडूनं पाहिलं, की रुद्रेश स्कूटरला किक मारणार तेवढ्यात थबकला आणि कुणी हाक मारल्यासारखं घाटाच्या अंगाला तोंड करून उभा राहिला. बराच वेळ उभा होता. मग चालत धुक्यात गेला. स्कूटर तिथंच राहिली. माणसं दोर लावून दरीत उतरली, पण काही हाती लागलं नाही. लिंगायतांत गेलेल्या माणसाला मातीत बसवून निरोप देतात. इथं बसवायलाच कुणी नव्हतं, म्हणून त्यांच्या आईनं एकही विधी करू दिला नाही.

"अव्वा येईल आता दिवा लावायला," अण्णा म्हणाला. "तिच्या कानावर घालू नगंस. ते नाव काढून टाक आन् मोकळा हो."

"कुणाचं नाव काढतोस रं?"

चन्नम्मा अव्वा दारात उभ्या होत्या. रामलिंगअण्णांची आई. कपाळावर विभूतीचे पट्टे, हातात तेलाची वाटी. अण्णा काही बोलणार तेवढ्यात भारनियमनाची वेळ झाली आणि सगळ्या गल्लीची वीज गेली. इन्व्हर्टर गुरगुरायला लागला, त्याच्यावर एवढा एक कॉम्प्युटर आणि इंटरनेटचा डबा चालू राहिला. अव्वांनी अंधारातच गादीपाशी समई लावली. मला खोटं बोलायला जमलं नाही. तसंही अव्वांपुढं कुणाला जमत नसे.

"अव्वा, एक मशीन हाय. दोन हाका मारल्या तर गप बसतंय, आन् तिसरीला ओ देतंय."

"कुठलं?"

अण्णा खोकला. मी खाली बघत म्हणालो, "गगनबावड्याचं."

अव्वा गादीवर बसल्या. वाटी खाली ठेवताना थोडं तेल सांडलं, एरवी पुसलं असतं त्यांनी. "कितव्या हाकंला म्हणालास?"

"तिसऱ्या."

"मी शिकवलेलं त्येला," त्या म्हणाल्या. "काउंटर घातलं तवा सांगितलेलं. धुक्याचा मुलूख हाय बाळा. भुताला दोनच हाका मारता येत्यात, तिसरी जमत न्हाय. कुणीबी बोलवू दे, तिसऱ्या हाकंबिगर ओ द्यायची न्हाय." त्यांनी समईची वात पुढं सारली. "चार वर्सं मला येकच खातंय. माझ्या लेकानं पयल्याच हाकंला ओ दिली आसंल का… माझं सांगनं इसरला आसंल का."

"अव्वा, ऱ्हाऊ दे आता," अण्णा म्हणाला.

"हाक मार रं. माझ्यासमोर मार."

मी हाक मारली. इन्व्हर्टरची गुरगुर, समईची वात, आणि तो गार वास. काही आलं नाही. दुसरी मारली. अव्वांनी श्वास धरला होता. तिसरी मारली आणि पडद्यावर एक ओळ उमटली.

"दिली, अव्वा."

त्यांनी पदर तोंडात धरला. खांदे हलत होते, पण आवाज नव्हता. "न्हाय इसरला," त्या म्हणाल्या. "शाणं लेकरू माझं. न्हाय इसरला." मला रडू आलं. चारचौघांत रडणारा माणूस नाही मी, पण आलं.

अण्णा मात्र भिंतीला टेकून उभा होता. तो पुटपुटला, "मग त्या दिशी… तिसरी हाक कुणी मारली?"



अव्वांनी डोळे पुसले. "वाढव आता ते," त्या मला म्हणाल्या. दुकान बंद कर असं व्यापाऱ्याच्या घरात म्हणत नाहीत, वाढव म्हणतात. "लई दीस बसलंय पोरगं त्या खोलीत येकटंच. सोड त्येला."

मी गगनबावड्याचं नाव काढलं. मग जुनं सॉफ्टवेअर मिटवलं. आचके न देता गेलं, शहाण्यासारखं. उपसलेल्या तारा जागच्या जागी लावल्या आणि नवं सुरू केलं. त्यात मी दोनच जागा मांडल्या होत्या, लक्ष्मीपुरी आणि जयसिंगपूर. कोण आत आलं आणि कुणी कुणाला हाक मारली हे दिसावं म्हणून पडद्यावर एक चौकट उघडी ठेवली. दोन्ही नावं हिरवी झाली. काम फत्ते म्हणून मी पेचकस पिशवीत टाकायला लागलो.

चौकटीत एक ओळ आली. आमच्या दुकानाला कुणीतरी हाक मारली होती. मारणाऱ्याच्या नावाची जागा रिकामी होती.

"अण्णा, जयसिंगपूरला कोण बसलंय का अजून?"

"न्हाय. तुझ्यासाठी मशीन तेवढं चालू ठेवून कवाच वाढवलंय गोदाम." त्यानं पडद्याकडं पाहिलं. "कुणाची हाय ही?"

धुक्याचा तो वास आता इतका दाट झाला होता, की समईभोवती ओलसर कडं धरलेलं दिसत होतं. मी नवी जोडणी तपासली. तिच्यात तिसऱ्या कुणाला शिरायला वाटच नव्हती. तेवढ्यात खाली दुसरी ओळ उमटली. तशीच, बिननावाची.

अव्वा गादीवरून उठल्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण ओळी मोजता येत होत्या.

"अव्वा, थांबा," मी म्हणालो. "तिसरी येऊ दे…"

"अव्वा, न्हाय. तूच सांगितलेलं न्हवं?" रामलिंगअण्णानं त्यांचा दंड धरला.

त्यांनी त्याचा हात हळूच सोडवला. डोक्यावरचा पदर नीट केला आणि पडद्याजवळ गेल्या. चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नव्हता. इतकी मायेनं उजळलेली बाई मी त्याआधी बघितली नव्हती, त्यानंतरही नाही.

"ओ," त्या म्हणाल्या. "हाय रं बाळा मी हितंच."

आम्ही दोघं तिसऱ्या हाकेची वाट बघत किती वेळ उभे होतो, कोण जाणे. वीज आली, समोरच्या दुकानातला रेडिओ सुरू झाला, अण्णानं मला चहा पाजला. तिसरी हाक काही आली नाही. ओ मिळाल्यावर ती कोण कशाला मारेल.