धुक्यातला खोकला

मसीरा बेटापासून दोन तासांवर आम्ही जाळं ओढत होतो. मी आणि माझे दाजी, हुवैशिल. थोरल्या बहिणीचे यजमान. सकाळचे दहा वाजले असतील, पण धुक्यात होडीचं पुढचं टोकही दिसत नव्हतं. तळाची एक फळी गळत होती. पाणी उपसायचा पंप आमच्या लहानशा जनरेटरवर चालायचा. जनरेटरला एक खोड होती. मधूनच खोकल्यासारखा अडखळायचा.

"तुझ्या बहिणीसारखाच आहे," दाजी म्हणाले. "कुरकुर करतो, पण काम सोडत नाही."

"घरी सांगू का तिला?"

"सांग. आजची सुरमई तुला मिळाली तर बघ."

पेट्रोल संपत आलं तसा मी तो बंद केला. तापलेल्या टाकीत पेट्रोल ओतत नाहीत, म्हणून थांबलो.

जनरेटरचा आवाज येतच राहिला.

लांबून, धुक्यातून. आणि मग तोच खोकला.

"असेल कोणाची तरी होडी," दाजी म्हणाले. त्यांनी तोंडाशी हात धरून सलामाची हाक दिली. कोणी ओ दिली नाही.

पायाखाली पाणी वाढत होतं. मी घाईत अर्धी टाकी भरून आमचा चालू केला. तो आवाज त्यात बुडाला. थोड्या वेळानं दाजींनी न राहवून बटण दाबून आमचा बंद केला.

आता तो आवाज दोन होड्यांच्या अंतरावर होता. जळक्या पेट्रोलचा वास येत होता. पाण्यावर मात्र साधी लहर नव्हती.

"चालू कर," दाजी पुटपुटले.

"आणि जाळं?"

"काप."

नवं कोरं जाळं होतं. मी जनरेटर चालू केला आणि ते कापलं. दाजींनी होडीचं इंजिन चालू केलं.

परतताना टाकी पुन्हा रिकामी होत आली. बंद करून ऐकायची माझी हिंमत नव्हती. चालू जनरेटरमध्येच पेट्रोल ओतलं. भडका उडाला, मनगट भाजलं. ओलं पोतं टाकून विझवला. जनरेटर चालत राहिला.

बेटावरच्या हिल्फ गावाच्या वाळूत होडी चढली तेव्हा ऊन होतं. दाजी मागच्या बाजूला गेले आणि तिथेच थबकले.

मागच्या कडीला एक दोर बांधलेला होता. आमचा नव्हता. दुसरं टोक समुद्रात होतं. दोर ताठ होता.

दाजींनी सुरीनं तो कापला. टोक वाळूवर पडलं.

मग कोणी सावकाश गुंडाळून घ्यावं तसं ते पाण्याकडे सरकू लागलं.