एक वाव दोर

दोरखंडाच्या दुकानात शेठ पालथा पडला होता. हवालदारानं त्याला उताणा केला, तर डोळे खोबणीबाहेर आलेले, जीभ दातांत चिरडलेली. नवाकोरा दोर गळ्यात इतका रुतला होता की रक्त छातीपर्यंत ओघळलं होतं. कंपाउंडरनं जन्मभर जखमा बांधल्या होत्या, तरी त्यानं तोंड फिरवलं.

"सुभेदारसाहेब, माझ्या नवऱ्याला सोडवा हो!" शेठची लेक रडत होती. "बाबांशी भांडण झालं म्हणून त्यांना चौकीवर नेलंय, मारून मारून कबूल करायला लावतील. टेपशिवाय चिंधीसुद्धा न कापणारा माणूस, तो खून काय करणार!"

सुभेदार पलटणीतून निवृत्त होऊन खासगी तपासाची कामं करत; कंपाउंडर त्यांचा जोडीदार. त्यांनी हवालदाराच्या देखत दोर सोडवला आणि हात पसरून छातीवर ताणला. तो पुरला नाही.

शेठचा धाकटा भाऊ ताडमाड होता. सुभेदारांनी त्याच्याकडे एक वाव दोर मागितला. त्यानं हात फैलावले आणि सुरीनं दोर तोडला.

"दादाशी पटायचं?"

"विळ्याभोपळ्याचं सख्य. पण मारेन कशाला?"

मग दुकानातला कारागीर आला. त्याचं उजवं कोपर कायमचं वाकलेलं होतं. त्यानंही जमेल तेवढे हात पसरून एक वाव दोर कापून दिला.

"हात कशानं मोडला?"

"पडलो."

"याला सोडा, साहेब," कंपाउंडर कुजबुजला. "असल्या हातानं कोण गळा आवळतो?"

सुभेदारांनी तिन्ही दोर बाकावर शेजारी शेजारी ठेवले.

"कंपाउंडर, वाव म्हणजे काय?"

"संशयाला वाव, तोच ना?"

"इथली वाव वेगळी. जुना शब्द व्याम. पसरलेल्या दोन हातांमधलं अंतर, या बोटापासून त्या बोटापर्यंत. ज्याचं जसं अंग, तशी त्याची वाव. दोरवाल्याचे हात दोर कापताना आपोआप पसरतात, मग खुनासाठी का कापेना. जावई टेप लावणारा. भावाचा तुकडा लांब. आणि गळ्यातला दोर या कारागिराच्या तुकड्याशी तंतोतंत जुळतोय."

"पण ते कोपर?"

"गळा आवळायला कोपर सरळ लागतच नाही."

कारागिरानं सुरी उपसली. मध्ये पडलेल्या कंपाउंडरचा तळवा हाडापर्यंत चिरला गेला. हवालदाराची काठी कारागिराच्या जबड्यावर बसली, दोन दात फरशीवर उडाले.

"शेठनंच मोडला माझा हात, लोखंडी कांबीनं!" तो रक्त थुंकत ओरडला. "आणि काल म्हणतो, तुझी वाव आखूड झाली, गिऱ्हाईक ओरडतं, चालता हो!"

"खोटं बोलतोय!" लेक किंचाळली. "काका, सांगा ना!"

काकानं मान खाली घातली.

"खरं आहे, पोरी. तेव्हा मीच त्याला धरून ठेवलं होतं."

लेकीनं काकाच्या फाडकन मुस्काटात मारली. मग बापाच्या प्रेताकडे न बघता ती नवऱ्याला आणायला चौकीकडे निघाली.