जुवाचा गल्ला

बाळीवेशीतला महादेवप्पा सुतार. दारं-खिडक्या हल्ली तयार मिळतात, तेव्हा म्हातारा हौसेची कामं घेतो. अक्कलकोटकडच्या धोंडप्पानं एके दिवशी बाभळीचं जुनं जू त्याच्यापुढं आणून टाकलं.

"ट्रॅक्टर घेतलाय. ह्याचा बैलाच्या आकाराचा, पैसे साठवायचा गल्ला करा. नात, काव्या, हटून बसलीय."

"आणि बैल?"

"एक गेला. बसव्या हाय की. लई जीव हाय माझा त्याच्यावर. हुबेहूब त्याच्यावानी करा."

बैल जिवंत असताना त्याच्या जुवाला करवत लावायची नाही, असं महादेवप्पाचा बाप सांगायचा. ते आठवलंही. पण मानेनं घासून लाकूड असं काही गुळगुळीत झालं होतं, की म्हाताऱ्याचे हात शिवशिवले. घातली करवत!

चार दिवसांत वशिंड, शिंगं, गळ्याखालची पोळी उतरली. पाचव्या दिवशी सकाळी त्यानं हा लाकडी बैल मधोमध चिरून पोट कोरलं. दुपारी धोंडप्पाचा फोन आला.

"गल्ला राहू द्या सध्या. बसव्या वैरणीला तोंड लावंना. डॉक्टरनं पोट ठोकून बघितलं, नुसतं पोकळ वाजतंय."

महादेवप्पाची नजर समोरच्या पोकळ लाकडाकडं गेली. घरात जाऊन त्यानं मूठभर शाळूची ज्वारी आणली, कोरलेल्या पोटात ओतली आणि दोन्ही अर्धे चिकटवून टाकले.

संध्याकाळी पुन्हा फोन. "उठला की बसव्या! पेंढीभर कडबा खाल्ला!"

गल्ला न्यायला धोंडप्पा आला तेव्हा म्हाताऱ्यानं काही लपवलं नाही. "चूक माझी. मी भ्यालोय. पैसे टाकायला ह्याच्या पाठीला चीर पाडू नका."

धोंडप्पा हसला नाही. बैल टॉवेलात गुंडाळून तो निघून गेला.

आठ दिवसांनी धोंडप्पाचा फोन आला. आवाज रडवेला होता.

"मी रानात व्हतो. काव्या रडाय लागली म्हणून आमच्या पोरानं, मंजुनाथनं, ड्रिल लावून चीर पाडली. पोरीनं पैसे टाकले."

"बसव्या?"

"खातोय. चालतोय. पाठीवर बोटभर चीर हाय. रगत न्हाय."

"मग रडताय कशाला?"

धोंडप्पानं फोन गोठ्यात नेला.

बैल उठल्याचा आवाज आला. तो दोन पावलं चालला.

पावलागणिक त्याच्या पोटात नाणी खुळखुळली.