पांढऱ्याशुभ्र चेंडूची लबाडी

ओटिसने चेंडू पकडला तेव्हा त्याचे वडील मैदानाकडे पाठ करून स्वतःचा फोटो काढत होते.

क्लिफ व्रीलँड यांना ही हौस फार. बेसबॉलची मैदानं पाहायला टोलेडोहून निघाल्यापासून गाडी कुठेही थांबली की ते खाली उतरायचे, हात लांब करायचे आणि फोटो काढायचे. डेट्रॉइटच्या रस्त्याकडेचा राक्षसी टायर, तिथलं मैदान, शिकागोचं ते आरशासारखं चकचकीत, घेवड्याच्या दाण्यासारखं शिल्प, संग्रहालयातला डायनासोरचा सांगाडा, सगळ्या फोटोंत मधोमध क्लिफ व्रीलँड आणि कडेला जमलं तर डायनासोर. मुलांच्या अंगात नारिंगी टीशर्ट, त्यांवर छापलेलं ‘व्रीलँडांची महामोहीम’. ओटिसच्या बारा वर्षांच्या बहिणीला, मारेनला, त्या शर्टाची इतकी लाज वाटायची की भर उन्हातही ती वरून जॅकेट घालायची. आई शहाणी, ऑफिसचं काम पुढे करून ती घरीच राहिली होती. मावसभाऊ वेंडेल मात्र आनंदाने आला होता. त्याला मैदानांशी काही देणंघेणं नव्हतं, मैदानांत मिळणाऱ्या हॉटडॉगशी होतं.

तर त्या दुपारी शिकागोत पाहुण्या पिट्सबर्गच्या ओस्वाल्दो नावाच्या नवख्या खेळाडूने चेंडू असा काही हाणला की तो वेलींनी झाकलेल्या भिंतीवरून थेट प्रेक्षकांच्या बाकांवर आला, म्हणजे होमरनच. आठ वर्षांच्या ओटिसने डोळे मिटले नाहीत की हात आखडला नाही. चेंडू त्याच्या ग्लोव्हमध्ये थपकन बसला. पण मागच्या बाकावरच्या हिरव्या टोपीवाल्या धटिंगणाने झेप घेतली, पोराच्या ग्लोव्हमधून चेंडू ओरबाडला आणि मोठा पराक्रम केल्यासारखा दोन्ही हात वर करून नाचायला लागला.

शिकागोच्या या बाकांचा रिवाज असा, की पाहुण्यांच्या होमरनचा चेंडू कुणी ठेवून घ्यायचा नाही. सगळे मिळून ‘फेक परत’ असा गजर करतात आणि चेंडू मैदानात भिरकावावाच लागतो. हिरवी टोपी खाली वाकली, कमरेच्या पिशवीशी काहीतरी चाचपडली, मग छाती काढून उभी राहिली आणि तिने चेंडू फेकला. टाळ्यांचा कडकडाट झाला. क्लिफ व्रीलँडनीही टाळ्या वाजवल्या.

“तो मी पकडला होता,” ओटिस म्हणाला.

हिरवी टोपी हसली. पोराच्या हातून चेंडू सुटला, मी खालून उचलला, हल्लीच्या पोरांना थापा मारायची सवयच असते, असं तिने आजूबाजूच्यांना ऐकवलं. आजूबाजूचे चिप्स खात होते. क्लिफ व्रीलँडना भांडणाचा फार तिटकारा. त्यांनी त्या माणसाची माफी मागितली! मग ओटिसकडे वळून, खोटं बोलून मोठं होता येत नाही, असं समजावलं. मारेन म्हणाली की मी पाहिलंय, त्यानेच पकडला. त्यावर ते म्हणाले, तू नेहमी त्याचीच बाजू घेतेस.

ओटिस रडला नाही. चेंडू नाहीतरी परत फेकायचाच होता, तो त्यानेही फेकला असता. पण स्वतःच्या बापाने आपल्याला खोटारडं ठरवावं, हे काही त्याच्या घशाखाली उतरेना. तो रिकाम्या ग्लोव्हमध्ये बघत बसला. मारेनला वडिलांचा इतका राग आला की तिने त्यांच्याकडे पाहायचंच सोडून दिलं.

“वेंड्या, खाणं थांबव जरा. फेकलेला चेंडू कसा होता?” तिने विचारलं.

“गोल होता,” वेंडेल म्हणाला.

“पांढराशुभ्र होता. सोललेल्या अंड्यासारखा.”

वेंडेलचं तोंड चावता चावता थांबलं. सामन्यात असा चेंडू नसतो, हे शाळेच्या संघात खेळणाऱ्या प्रत्येक पोराला माहीत असतं. नवा चेंडू हातातून निसटतो, म्हणून सामन्याआधी एकेका चेंडूला नदीचा चिखल चोळतात. तो मळकट, पिवळसरच दिसतो.

“म्हणजे त्याने घरून आणलेला फेकला,” वेंडेल म्हणाला. “ओटिसचा त्या पिशवीत आहे. आणि हे सगळे ढ टाळ्या पिटतायत.”

ते दोघे जिन्यापाशी उभ्या असलेल्या मिसेस क्रुपांकडे गेले. निळ्या कोटातल्या या आजीबाई लोकांना त्यांच्या जागा दाखवायच्या आणि दंगा करणाऱ्यांना बाहेरचा रस्ता दाखवायच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एक बातमी सांगितली. ओस्वाल्दोचा मोठ्या सामन्यातला हा पहिलाच होमरन होता, म्हणून त्याला तो चेंडू हवा होता. ज्याच्याकडे असेल त्याला सहीची बॅट मिळणार होती आणि ओस्वाल्दोची भेटही. मैदानातून उचललेला चेंडू पंचांनी बघताक्षणी बाजूला टाकला होता.

“पण पोरी, मला कुणाची पिशवी उघडता येत नाही,” त्या म्हणाल्या. “त्याने आपणहून काढला, तर गोष्ट वेगळी.”

“काढेल ना,” मारेन म्हणाली. “असल्या माणसांना फक्त कौतुक दाखवायचं.”

वेंडेल हिरव्या टोपीच्या शेजारी जाऊन बसला आणि मारेनला ओरडून सांगू लागला, की अगं, बॅट मिळणार होती, ओस्वाल्दो स्वतः हात मिळवणार होता, टीव्हीवरही दाखवतील कदाचित, पण बिचाऱ्या या काकांनी चेंडू फेकून दिला. नशीबच फुटकं, दुसरं काय! हे सगळं तो इतक्या हळहळून बोलला की मारेनला हसू आवरेना.

हिरव्या टोपीने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. एवढ्यात मिसेस क्रुपा वर आल्या आणि होमरनचा चेंडू कुणाकडे आहे का, असं त्यांनी गोड आवाजात विचारलं. ती टोपी टुणकन उठली. पिशवीची चेन उघडली आणि मळका, बॅटचा डाग पडलेला चेंडू उंच धरला.

“माझ्याकडे आहे. हा खरा.”

“मग मघाशी काय फेकलंत?” मारेनने विचारलं.

तिचा आवाज फार मोठा नव्हता, पण पुढच्या चार-पाच रांगांना ऐकू गेला. ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या त्यांना आपण मूर्ख बनलो हे कळायला थोडा वेळ लागला. मग हुर्यो सुरू झाली. आणि गंमत बघा, आता मागचं एक म्हातारं जोडपं उठून म्हणालं की आम्ही पाहिलं होतं, चेंडू त्या छोट्यानेच पकडला होता आणि याने हिसकावला. तरणाताठा एकजणही म्हणाला, मीसुद्धा पाहिलं! पोरगा एकटा पडला होता तेव्हा या साऱ्यांची वाचा गेली होती. गर्दी बाजूने झाल्यावर सगळे एकाएकी शूर झाले. मारेनने त्यांना आभाराचा एक शब्दही दिला नाही.

मिसेस क्रुपांनी चेंडू काढून ओटिसच्या हातात ठेवला आणि हिरव्या टोपीला बाहेरचा रस्ता दाखवला. पोरांकडे वळून त्या म्हणाल्या, इतकी वर्षं इथे उभी आहे, पण इतक्या शांतपणे चोर पकडणारं कुणी पाहिलं नव्हतं.

सामन्यानंतर ओस्वाल्दो भेटला. त्याला इंग्रजी फारसं येत नव्हतं आणि ओटिसला स्पॅनिश मुळीच येत नव्हतं. ओस्वाल्दोने चेंडू घेतला, ओटिसचा ग्लोव्ह स्वतःच्या हातात चढवून पाहिला आणि मान डोलावली. ओटिसला सहीची बॅट मिळाली.

संध्याकाळी पिझ्झाच्या दुकानात क्लिफ व्रीलँडना शेजारच्या टेबलावर श्रोते सापडले. माझ्या मुलाने कसा झेल घेतला, मला कसं तेव्हाच कळलं, आम्ही व्रीलँड कुणाला कसे हार जात नाही, असं त्यांचं रंगात येऊन चाललं होतं. मारेन चिडून चीजचे दोर ओढत होती.

ओटिसने तुकडा बशीत ठेवला. “डॅड, तू त्याला सॉरी म्हणालास.”

क्लिफ व्रीलँडनी पाण्याचा घोट घेतला. ते आता हसून विषय बदलतील, याची मारेनला खात्री होती. त्यांना झोंबेल असं एक वाक्य तिने जुळवूनही ठेवलं होतं. पण ते उठले आणि शेजारच्या टेबलापाशी गेले.

“मी आत्ता सांगितलं ते खोटं आहे,” ते म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. “मी काहीच पाहिलं नव्हतं. मी माझा फोटो काढत होतो. माझा मुलगा खरं बोलत होता आणि मी त्यालाच खोटारडा म्हणालो.”

परत येऊन ते ओटिससमोर बसले. ओटिसने त्यांच्याकडे बराच वेळ नीट पाहिलं.

“आता बरोबर सांगितलंस,” तो म्हणाला आणि पिझ्झा खायला लागला.

मारेनने आपलं वाक्य गिळून टाकलं.